मणक्यात जंतू, दोन अँटिबायोटिक चालू. एक बंद केली तर?

सत्तरीकर:
आमचं गाव वाळपईजवळ, घरी चार गायी. बाबांची कंबर चतुर्थीपासून दुखत होती. आम्हांला वाटलं, गणपतीवरची माटोळी बांधताना उसण भरली. मग संध्याकाळी कणकण यायला लागली, रात्री घामाने बनियन ओलंचिंब. एमआरआयमध्ये कंबरेच्या मणक्यात संसर्ग दिसला. सुईने काढलेल्या तुकड्यात टीबी सापडला नाही, रक्तात ब्रुसेला (गुरांकडून माणसाला लागणारा जंतू) निघाला. आधी जेंटामायसिनची इंजेक्शनं झाली, आता डॉक्सीसायक्लिन आणि रिफाम्पिसिन, निदान तीन महिने. ताप गेला, पण छातीत जळजळ फार. काका म्हणतात, एकच जोरदार गोळी मागून घ्या. डॉक्सी सोडली तर चालेल का?

डिचोलीची फार्मासिस्ट:
भाऊ, अजिबात सोडू नका. ब्रुसेला आपल्याच पेशींच्या आत दडून बसतो. एका औषधावर ताप उतरतो आणि काही आठवड्यांनी कंबर पुन्हा धरते. रिफाम्पिसिन एकटं दिलं तर जंतू त्याला लवकर दाद देईनासे होतात, म्हणून जोडीला दुसरं लागतंच. काकांची जोरदार गोळी माझ्या तरी दुकानात नाही.

जळजळीचं बघू. बाबा रात्रीची डॉक्सी घोटभर पाण्याबरोबर घेऊन लगेच आडवे होतात का? कॅप्सूल अन्ननलिकेत चिकटली की तिथेच व्रण पडतो. जेवून, पेलाभर पाण्याबरोबर घ्यायची आणि अर्धा तास तरी बसून राहायचं. दूध, लोहाची किंवा कॅल्शियमची गोळी तिच्यासोबत नको. रिफाम्पिसिन सकाळी उपाशीपोटी, पेजेच्या तासभर आधी. लघवी नारिंगी होईल, घाबरू नका. डोळे पिवळे झाले तर मात्र त्याच दिवशी डॉक्टर गाठा. आणि पायातली ताकद गेली किंवा लघवी अडली, तर तपासणीच्या तारखेची वाट न बघता थेट गोमेकॉच्या (गोवा मेडिकल कॉलेजच्या) कॅज्युअल्टीत.

पेडणेकर:
माझ्या आईच्या मणक्यात स्टॅफ (स्टॅफिलोकॉकस) हा जंतू निघाला होता. तिला शिरेतून एकच औषध, एकूण सहा आठवडे, आणि बरी झाली. मग यांना दोन कशाला?

डिचोलीची फार्मासिस्ट:
जंतू वेगळा, म्हणून. स्टॅफसारख्या जंतूंना बरेचदा नेमकं एक औषध पुरतं. २०१५ साली फ्रान्समधल्या अभ्यासात सहा आठवडे हे बारा आठवड्यांइतकेच परिणामकारक ठरले. तो हिशेब ब्रुसेलाला किंवा टीबीला लावायचा नाही. आणखी एक गोम: रिफाम्पिसिन टीबीवरही चालतं. तपास न करता टीबीचा कोर्स दिला तर ब्रुसेलाचा रोगीही थोडे दिवस बरा दिसतो आणि खरं निदान मागे पडतं. बाबांचा तुकडा तपासला, हे फार बरं केलं.

गोठेवाला:
एखादी गाय गाभडली होती का? पशुवैद्याकडून सगळ्या गायींचं रक्त तपासून घ्या. जार आणि मेलेलं वासरू उघड्या हातांनी उचलू नका, हातमोजे घाला, चुना टाकून खोल पुरा. दूध उकळूनच प्या. पाड्यांना (मादी वासरांना) चार ते आठ महिन्यांच्या वयात ब्रुसेलाची लस देतात, तीही विचारा.

सत्तरीकर:
एक गाय श्रावणात गाभडली होती. जार बाबांनीच उचलला. ताई, अजून एक: त्यांना साखरेसाठी ग्लिमेपिराइड चालू आहे. हल्ली साखर चढते आहे.

डिचोलीची फार्मासिस्ट:
रिफाम्पिसिनमुळे त्या गोळीचा असर कमी होतो. उद्याच डॉक्टरांना आकडे दाखवा. डोस स्वतःहून वाढवू नका. रिफाम्पिसिन थांबल्यावर तोच डोस जास्त होऊन साखर एकदम उतरू शकते.