मोबाइल मनोऱ्याचा कार्बन हिशेब कसा मांडावा?

प्रश्न : आमच्या तालुक्यातील एका मनोऱ्याचे वर्षभराचे उत्सर्जन मोजायचे आहे. वीजमीटरची वाचने आणि जनरेटरची डिझेल नोंदवही हाती आहे. एवढ्यावर भागेल का?

प्रतिसाद : चालू वापरापुरते भागेल. एक लिटर डिझेल जळाले की साधारण २.७ किलो कार्बन डायऑक्साइड निघतो, तर ग्रिडच्या एका युनिटमागे केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या आकडेवारीनुसार सुमारे ०.७ किलो धरावा लागतो. मात्र नोंदवहीत भरलेले डिझेल असते, जळालेले नव्हे. त्यामुळे टाकीची आरंभीची व अखेरची पातळी पाहिल्याशिवाय त्या आकड्यावर विसंबू नये.

प्रश्नकर्ता : मनोऱ्यावर दोन कंपन्यांची उपकरणे आहेत. वाटणी कशी करावी?

प्रतिसाद : प्रत्येकीच्या डीसी भाराच्या (तिची उपकरणे ओढतात त्या एकदिश विजेच्या) प्रमाणात, वातानुकूलनाची वीजही तशीच वाटावी.

दुसरा प्रतिसाद : पोलाद, अँटेना आणि दर काही वर्षांनी बदलाव्या लागणाऱ्या बॅटऱ्या राहिल्याच की! आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाची एल.१४१० ही शिफारस निर्मितीपासून विल्हेवाटीपर्यंतचे संपूर्ण जीवनचक्र धरते. शिवाय केवळ ‘प्रति गीगाबाइट’ आकडा देऊ नका, कारण डेटाचा वापर वाढला की तो आपोआप घटतो, मग एकूण उत्सर्जन वाढलेले का असेना.