४२ नंबरचं पाऊल आणि न्यूट्रल कपडे: बूट-चपला कुठे, कशा घ्याव्यात?

निळीशाई:

नमस्कार मंडळी. उंची पाच फूट दहा इंच, पाऊल २६.८ सेंमी लांब आणि चवड्याशी चांगलंच रुंद. राहते नाशिकला. पुढच्या महिन्यात कॉलेजात शिकवायला रुजू होतेय. रोज सकाळी कपाटासमोर वेळ जायला नको म्हणून कपडे हळूहळू न्यूट्रल रंगांवर आणलेत: मोतिया, बिस्किट, राखाडी, काळा, थोडा नेव्ही. सुती कुर्ते, सरळ पँट्स, लिननचे शर्ट आणि आईच्या टसर साड्या.

अडतं ते पायाशी. लेडीज सेक्शनमध्ये ४१ च्या पुढे माल नसतो. एका दुकानात तर माप न घेताच सांगितलं, "मॅडम, तुम्ही जेंट्सकडेच बघा." जेंट्सचे फॉर्मल बूट लांबीला बसतात, पण टाच सुटते आणि कुर्त्याखाली फार जड दिसतात. ४१ मध्ये पाय कोंबून दिवसभर फळ्यासमोर उभं राहायची माझी तयारी नाही.

४२-४३ कुठे मिळेल? फिक्या कपड्यांवर पाऊल उठून दिसतं, ते कसं सांभाळायचं? आणि सगळ्यावर चालतील असे कमीत कमी किती जोड लागतील? सगळं मिळून बजेट आठ-नऊ हजार.

कोरांटी:

खरेदीला निघण्याआधी नीट माप घे, आणि सेंटिमीटर धरून चाल. इंग्लिश मापात एका नंबरचा फरक म्हणजे पाव नव्हे, एक तृतीयांश इंच, साधारण साडेआठ मिलिमीटर. युरोपियन मापात तोच फरक दोन तृतीयांश सेंटिमीटर, म्हणजे पावणेसात मिलिमीटरच्या आत. दोन्ही पट्ट्या एकमेकींवर बसतच नाहीत, त्यामुळे प्रत्येक कंपनी आपल्या सोयीने आकडा गोल करते. म्हणून बऱ्याच ब्रँडांत लेडीजचा ८ हा ४१ असतो आणि जेंट्सचा ८ हा ४२. अमेरिकन नंबर आणखी वेगळा: लेडीजचा आकडा जेंट्सपेक्षा दीड-दोनने जास्त.

माप संध्याकाळी घ्यायचं, दिवसभरात पाय थोडे फुगतात. कागद जमिनीवर, टाच भिंतीला टेकलेली, पूर्ण वजन पायावर. पेन्सिल सरळ उभी धरून दुसऱ्या कुणाकडून रेघ मारून घे. स्वतः वाकलीस की वजन सरकतं आणि रेघ चुकते. दोन्ही पावलं घे, मोठं असेल ते धर. चवड्याची रुंदीही लिहून ठेव.

ऑनलाइन तक्त्यात एक गोष्ट हमखास निसटते: काही ठिकाणी पावलाची लांबी दिलेली असते, काही ठिकाणी आतल्या तळव्याची. बंद बुटाचा आतला तळवा पावलापेक्षा साधारण एक सेंटिमीटर मोठा हवा. तुला २७.७-२७.८ च्या आसपासचा बघावा लागेल.

शेवंती_वेणी:

कोरांटीला अनुमोदन, पण निळीशाई, तुझा अर्धा प्रश्न लांबीचा नाहीच, रुंदीचा आहे. चेन्नईच्या केंद्रीय चर्म संशोधन संस्थेने देशभरातल्या लाखभर लोकांची पावलं थ्रीडी स्कॅनरने मोजली. त्यात आपली पावलं युरोपियनांपेक्षा रुंद असल्याचं दिसलं, आणि त्यावरून 'भा' नावाची आपली स्वतःची मापपद्धत सुचवली गेली. दुकानांतला माल मात्र अजून इंग्लिश-युरोपियन-अमेरिकन मापांवरच चालतो. रुंदी मिळत नाही म्हणून आपण एक नंबर वाढवतो, लांबी नको तितकी वाढते आणि टाच सुटते. जेंट्सच्या बुटात तुझं तेच होतंय, शिवाय त्यांची टाच मुळात रुंद.

जेंट्समध्ये बघायचंच असेल तर ऑक्सफर्ड सोडून डर्बी बघ. डर्बीत लेसच्या दोन्ही पट्ट्या वरून मोकळ्या असतात, चवड्याला जागा देता येते. ऑक्सफर्डच्या पट्ट्या खालून शिवलेल्या, त्या उघडतच नाहीत. मऊ चामड्याचा, पातळ सोलचा, टॅन किंवा गडद तपकिरी डर्बी सरळ पँटखाली छान दिसतो. युनिसेक्स मापात येणारेही आहेत: कॉन्व्हर्स आणि क्रॉक्सवर दोन्ही नंबर छापलेले असतात, अमेरिकन मापात जेंट्सचा ८ म्हणजे लेडीजचा १०.

पंचगंगाकाठ:

निळीशाईताई, कोल्हापुरीचा विचार केलात का? आमच्या घरात हे काम चालतं, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

हाताने होणारी चप्पल असल्यामुळे ४२ असो की ४५, कारागिराला फरक पडत नाही. दुकानात टांगलेल्या मालातून निवडू नका, ऑर्डर द्या. वर ताईंनी सांगितलं तसं दोन्ही पावलांचं रेखाटन काढून आणा. अंगठा आणि शेजारच्या बोटाच्या मधली जागा त्यावर खूण करून दाखवा, कारण अंगठ्याची जागा चुकली की चप्पल कितीही चांगली असली तरी पाय तिरका पडतो.

कातडं हिरडा, बाभळीची साल अशा झाडपाल्याने कमावलेलं असतं. ते रुंदीला सैल होतं, लांबीला होत नाही. म्हणून लांबी नेमकी सांगा आणि पट्टा सुरुवातीला थोडा घट्ट राहू द्या. नवीन जोडीच्या पट्ट्याला आतून तेलाचा हात फिरवा, घरात थोडा थोडा वेळ घाला, मग बाहेर काढा. तुमच्या चवड्याला अरुंद पट्टा काचेल, रुंद पट्ट्याची सांगा. कान (पट्ट्याच्या बाजूला निघालेले कातड्याचे छोटे तुकडे) नको असतील तर तसंही करून मिळतं. पुढचं टोक कमी ठेवायला सांगा, पाऊल आटोपशीर दिसतं.

रंग घ्या नैसर्गिक. वरून रंग न दिलेलं कातडं वापराने गडद होत जातं, आणि मोतिया, राखाडी, नेव्ही, काळा, सगळ्याबरोबर जातं. टसरवर तर दुसरं काही घालूच नका.

कोल्हापुरीला २०१९ साली भौगोलिक मानांकन मिळालं आहे: महाराष्ट्रातले कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातले बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर हे जिल्हे त्यात येतात. बाहेर याच नावाने रेक्झिनचा माल खपतो. कडेला बघा: खऱ्या चपलेचा तळ कातड्याच्या वादीने शिवलेला असतो, थर वेगवेगळे दिसतात. फक्त पावसाळ्यात वापरू नका, पाणी प्यायलं की तळ फुगतो.

मोतीचूर:

मी कपड्यांबद्दल लिहिते.

मोठं पाऊल लपवायच्या नादात बायका बारीक, नाजूक सँडल घेतात. त्याने उलटंच होतं: पट्टी जितकी बारीक तितकं पाऊल मोठं दिसतं. तुझ्या उंचीला थोडी भरीव चप्पल शोभते. टोकदार बूट टाळ, ते पुढे आणखी दोन-तीन सेंटिमीटर लांबी वाढवतात. बदामी आकाराचं किंवा गोल टोक घे.

रंगाचं एक जुनं उदाहरण सांगते. १९५७ साली शनेल या फ्रेंच फॅशन कंपनीने दोन रंगांचा बूट काढला, अंग बेज आणि टोक काळं. बेज रंग त्वचेत मिसळून पाय लांब दाखवतो आणि काळं टोक पाऊल तिथेच थांबवतं. हीच युक्ती साध्या बॅलरिनामध्ये (बिनटाचेच्या सपाट बंद बुटात) किंवा मोजडीतही चालते. पुढचा भाग गडद, मागचा फिका असा जोड दिसला तर सोडू नकोस.

पँटची लांबी फार महत्त्वाची. घोट्याच्या वर संपणारी निमुळती पँट आणि खाली ४२ चा बूट, म्हणजे सगळी नजर पावलावर. त्याऐवजी सरळ किंवा थोडी रुंद मोहरी, बुटाच्या वरच्या भागावर अलगद टेकणारी. शिंप्याकडे जाताना तोच बूट पायात घालून जा आणि लांबी तिथेच ठरव. कुर्ता गुडघ्याच्या खालपर्यंतचा असेल तर खाली रुंद पलाझो नको, सरळच बरी.

आणि न्यूट्रल म्हणजे सगळे फिके रंग एकमेकांना चालतात असं मुळीच नाही. मोतिया पिवळसर असतो, काही बिस्किट रंग गुलाबीकडे झुकतात, राखाडीत निळी छटा असते. दुकानाच्या ट्यूबलाइटखाली ते कळत नाही, कापड दारात उजेडात नेऊन बघ. पिवळसर रंगांशी टॅन चप्पल, निळसर राखाडीशी काळी. पोत वेगवेगळा ठेव: मांजरपाटाचा कुर्ता, वर खादीचं जाकीट, खाली गुळगुळीत पँट. एकाच पोताचं सगळं घातलं की गणवेश वाटतो.

हिमगौरी_श्टुटगार्ट:

इकडे जर्मनीत बायकांचा ४२ बहुतेक दुकानांत सहज मिळतो आणि त्यापुढच्या मापांचा वेगळा कप्पा असतो. कुणी नातलग येणार असेल तर मागवून घे, पण रेखाटन पाठवल्याशिवाय नको. बिर्केनस्टॉक या इथल्या कंपनीच्या चपलांच्या तळव्यावर पावलाचं चित्र असतं: नुसती बाह्यरेषा म्हणजे नेहमीची रुंदी, भरलेलं पाऊल म्हणजे अरुंद. तुला बाह्यरेषेचं हवं. चामड्याचा जोड तुझ्या बजेटला जड जाईल, ईव्हीएचा (फोमसारख्या हलक्या प्लास्टिकचा) बराच स्वस्त पडतो आणि पावसाळ्यात तोच उपयोगी.

मोतीचूर, फिक्या कपड्यांवर टॅन किंवा काळंच, या मुद्द्यावर मात्र मी सहमत नाही. फिक्या पँटवर फिका बूट मला फार आवडतो. पँट आणि बूट एकाच छटेचे असले की नजर मध्ये अडत नाही आणि पाऊल वेगळं मोजलंच जात नाही.

मोतीचूर:

हिमगौरी, छटा तंतोतंत जुळली तर तुझं बरोबर. पण नाशिकच्या रस्त्यावर आणि खडूच्या धुळीत पांढरट बूट आठवडाभरही तसा राहत नाही. रोजच्यासाठी टॅनच.

निळीशाई:

किती मनापासून लिहिलंत सगळ्यांनी! आजच रेखाटन काढलं: डावं २६.८, उजवं २६.५, रुंदी दोन्हीकडे १०.४. आता असं ठरवलंय: नैसर्गिक रंगाची कोल्हापुरी ऑर्डर देऊन, एक तपकिरी डर्बी, आणि पावसासाठी ईव्हीएचा जोड. शनिवारी कोल्हापूरला जाणं होतंय. पंचगंगाकाठ, कुठे जाऊ? आणि डर्बीत टाच सुटलीच तर?

शेवंती_वेणी:

टाचेच्या आत चिकटवायचे पॅड मिळतात, चपला-बुटांच्या दुकानात मागायचे. त्याआधी मोजा बदलून बघ, सुती जाड मोजाने बराच फरक पडतो. डावं पाऊल मोठं, म्हणून बूट डाव्याच्या मापाचा घे आणि उजव्यात पातळ इनसोल टाक.

पंचगंगाकाठ:

ताई, भवानी मंडपाजवळच्या चप्पल लाईनीत जा. कुठल्याही दुकानात पहिला प्रश्न हा विचारा की ऑर्डरचं काम घेता का आणि माप कारागीर स्वतः बघणार का. 'हो' म्हणाले तरच पुढे बोला. दोन्ही पावलांच्या मापात फरक आहे हे आवर्जून सांगा, दोन्ही चपला वेगवेगळ्या मापाच्या करून मिळतात. रेखाटनाची एक प्रत स्वतःजवळ ठेवा, पुढच्या वेळी फोनवरच काम होईल.