भोक बुजवलं, पण सांगितलंच नाही

लॉगवाचक

आमच्याकडे नवीन पोरं जॉइन झाली की त्यांना मी एक जुनं प्रकरण सांगतो, आणि दरवेळी त्यावरून वाद होतो. यंदा तो इथेच घालू.

२६ जानेवारी २०१७ ला वर्डप्रेसची (साइट चालवायचं फुकट सॉफ्टवेअर) ४.७.२ ही आवृत्ती आली. सोबतच्या टिपणात तीन दुरुस्त्या होत्या. 'प्रेस धिस'मध्ये (दुसरीकडचा मजकूर उचलून पोस्ट करायचं साधन) परवानगी नसलेल्यालाही वर्गवारीचा पर्याय दिसत होता, डब्ल्यूपी क्वेरीत (डेटाबेसमधून लेख काढणारा भाग) एसक्यूएल इंजेक्शनची, म्हणजे डेटाबेसला बाहेरून आपले हुकूम घुसवायची शक्यता होती, आणि पोस्टच्या यादीत एक एक्सएसएस (पानात परका कोड घुसवायची फट). अशा याद्या रोज वाचणाऱ्याने जांभई देऊन पुढे जावं असा ऐवज. आपल्याकडे तर गुरुवारची सुट्टी, शुक्रवारी रजा टाकली की चार दिवस मोकळे. 'सोमवारी बघू' म्हणणाऱ्याला काय दोष देणार?

१ फेब्रुवारीला त्याच मंडळींनी सांगितलं की या तिघांच्या जोडीला चौथी दुरुस्तीही होती, आणि तीच सगळ्यांत भयंकर होती. लॉगिन न करता कोणीही तुमच्या साइटवरच्या लेखाचा मजकूर बदलू शकत होतं. आठवडाभर आम्ही हे मुद्दाम सांगितलं नाही, लोकांच्या साइट सुरक्षित राहाव्यात म्हणून, असंही त्यांनीच लिहिलं.

डॉक्टरने चिठ्ठीवर तीन गोळ्या लिहायच्या आणि चौथी पुडीत गुपचूप बांधून द्यायची, त्यातला हा प्रकार. गोळी चांगलीच असेल, पण पुढच्या वेळी मी त्या चिठ्ठीवर विश्वास का ठेवू? ओपन सोर्समध्ये, म्हणजे ज्याचा कोड सगळ्यांना उघडा असतो तिथे, करार नाही, बिल नाही, वॉरंटी तर नाहीच. असतो तो चेंजलॉग, म्हणजे काय बदललं त्याची यादी. तोच अर्धवट लिहिला तर उरलं काय?

पॅचवर्क

असहमत, आणि ठामपणे. मी स्वतः एक छोटी लायब्ररी, म्हणजे इतरांनी वापरायचा तयार कोड, सांभाळते (नाव नको, तिकडून कोणी इकडे यायला नको), त्यामुळे माझा कल कुठे असणार ते उघड आहे.

ते भोक कसं होतं ते आधी बघा. लेख क्रमांक १२३ बदलायची विनंती करायची आणि तिच्यात आयडी म्हणून '१२३एबीसी' घालायचं. परवानगी तपासणारा कोड १२३एबीसी नावाचा लेख शोधायचा, तो सापडायचा नाही, आणि सापडला नाही म्हणजे अडवायचं कारण नाही असं समजून सोडून द्यायचा. पुढच्या टप्प्यावर त्याच आयडीचा आकडा केला जायचा. पीएचपी (वर्डप्रेस जिच्यात लिहिलंय ती भाषा) आकड्यामागची अक्षरं झाडून टाकते, उरतं १२३, आणि लेख बदलला जातो. वॉचमनने वहीत नाव शोधावं, सापडलं नाही म्हणून गेट उघडावं, तसं.

हे समजावायला मला चार-पाच वाक्यं लागली. वापरायला सेकंड इयरच्या पोराला दहा मिनिटं पुरली असती. डिसेंबर २०१६ मध्ये आलेल्या ४.७ पासून बाहेरून विनंती पाठवून लेख बदलायची ही सोय सगळीकडे आपोआप चालू होती. म्हणजे किती साइट, तुम्हीच मोजा.

सुकुरी या साइट-सुरक्षेच्या कंपनीतल्या माणसाने २० जानेवारीला हे कळवलं. सहा दिवसांत दुरुस्ती आली. फायरवॉलवाल्या (साइटवर येणारे हल्ले अडवणाऱ्या) आणि होस्टिंगवाल्या कंपन्यांना आतून सांगून नियम लावून घेतले. ज्यांचं ऑटो-अपडेट चालू होतं त्यांच्या साइट झोपेत दुरुस्त झाल्या. त्या आठवडाभरात कोणी हा रस्ता वापरल्याची खूण त्या कंपन्यांच्या नोंदींत सापडली नाही. १ फेब्रुवारीला दवंडी पिटली आणि पुढच्या काही दिवसांत १५ लाखांच्या घरात पानं विद्रूप झाली. सगळी अपडेट न केलेल्या साइटवरची.

आता सांगा, लपवल्याने नुकसान झालं की सांगितल्याने?

लॉगवाचक

पॅचवर्कताई, बग छान समजावलात. वॉचमन मी उद्याच पोरांसमोर वापरणार.

पण ती पानं अपडेट न केलेल्यांची होती, आणि त्यांनी अपडेट का केलं नाही? यादीत घाई करण्यासारखं काही नव्हतं म्हणून. एकदा 'किरकोळ आहे, नंतर' असं डोक्यात बसलं की आठवड्याने आलेला दुसरा खुलासा कोण वाचतो?

आणि मुख्य गोष्ट, कोड उघडा आहे हो. ४.७.१ आणि ४.७.२ शेजारी शेजारी ठेवून फरक काढायला पाच सेकंद लागतात. चोर फरक वाचतो, अ‍ॅडमिन यादी वाचतो. यादीतून ओळ गाळलीत तर अंधारात नेमकं कोण राहिलं?

कडक चहा

फरक वाचणाऱ्या चोरांची एक आठवण सांगतो.

१५ ऑक्टोबर २०१४. महाराष्ट्रात विधानसभेचं मतदान होतं. दिवसभर सुट्टी, संध्याकाळी टीव्हीवर एक्झिट पोल. रात्री साडेनऊच्या सुमारास ड्रुपल ७ चं (हेही वर्डप्रेससारखंच साइट चालवायचं सॉफ्टवेअर) ७.३२ आलं. अतिशय गंभीर एसक्यूएल इंजेक्शन, लॉगिन लागत नाही, ताबडतोब करा, असं सगळं ठळक लिहिलेलं. लॉगवाचक साहेबांना हवा तसा शंभर टक्के खरा चेंजलॉग. दुरुस्ती किती? एक ओळ. ॲरेवर (कोडमधली यादी) फिरणाऱ्या लूपमध्ये 'ॲरे व्हॅल्यूज' घातलं, संपलं. पण ती ओळच पाककृती होती. बाहेरून आलेल्या ॲरेच्या किल्ल्या (त्यातल्या नोंदींची नावं) जशाच्या तशा क्वेरीत, म्हणजे डेटाबेसच्या हुकमात, जात होत्या हे त्या एका शब्दावरून कळत होतं.

दोन आठवड्यांनी, २९ तारखेला, ड्रुपलच्या सुरक्षा चमूने जे लिहिलं ते वाचून पोटात गोळा आला होता. घोषणेनंतर सात तासांच्या आत पॅच (दुरुस्ती) लावला नसेल तर तुमची साइट फुटली आहे असं धरूनच चाला. सात तास म्हणजे आपल्याकडे पहाटेचे साडेचार. बोटावरची शाई नीट वाळली नव्हती आणि आम्ही साखरझोपेत होतो.

मी त्या वेळी एका संस्थेच्या तीन साइट बघायचो. सकाळी दहाला ऑफिसात पोचून पॅच लावला आणि स्वतःची पाठ थोपटली. नंतर हिशेब केला, साडेपाच तास उशीर. एका साइटवर ॲडमिन हक्क असलेला एक यूजर सापडला, जो आमच्यापैकी कोणीच बनवला नव्हता. दिवाळीनंतरचे दिवस त्या तिन्ही साइट बॅकअपवरून नव्याने उभ्या करण्यात गेले. उरलेला फराळ लॅपटॉपशेजारी.

त्यामुळे पारदर्शकतेचं कौतुक मला जरा कमीच आहे.

मुक्काम पोस्ट विटा

तुम्ही सगळे अ‍ॅडमिन लोक. आमच्यासारख्यांचं काय?

आमचं मंगल कार्यालय आहे. पुतण्याने साइट करून दिली, त्यात बुकिंगचा फॉर्म. तो एका फुकट प्लगिनचा (साइटला वरून जोडायचा तुकडा). एकदा बुकिंगची पावती बघताना ब्राउझरमधल्या पत्त्यातला शेवटचा आकडा माझ्याकडून चुकून बदलला, तर दुसऱ्याच घरची पावती उघडली. मुलीच्या वडिलांचं नाव, मोबाइल, किती ॲडव्हान्स दिला, सगळं. मागे आकडा घालावा तसतशी मागची लग्नं दिसत गेली. मे महिन्यातल्या सगळ्या तारखा!

प्लगिन करणाऱ्याला पुतण्याने ईमेल लिहिली. उत्तर नाही. परत लिहिली. तीन महिने गेले. शेवटी वैतागून त्याने प्लगिनच्या मदतीच्या पानावर सगळ्यांसमोर लिहिलं. दोन तासांत उत्तर आलं, 'असं उघड्यावर लिहितात का? बेजबाबदारपणा आहे.' आणि आमची पोस्ट उडवली. पुढच्या आठवड्यात नवीन आवृत्ती आली, यादीत काय, तर 'किरकोळ सुधारणा'.

ज्यांनी तोच प्लगिन बसवलाय त्यांना कोण सांगणार, की बाबांनो तुमच्याकडच्या पावत्या इतके दिवस गावाला दिसत होत्या?

लॉगवाचक

विटेकर, हेच म्हणतोय मी. 'किरकोळ सुधारणा' या दोन शब्दांखाली काय काय पुरलेलं असतं!

पॅचवर्क

विटा, तीन महिने उत्तर न देणं चूकच, आणि पोस्ट उडवून वर तुम्हालाच झापणं त्याहून चूक. त्याची वकिली मी करणार नाही.

पण तिकडच्या बाजूला कोण बसलेलं असतं तेही बघा. मी बाळंतपणात असताना एक ईमेल आली. कोड आपोआप तपासणाऱ्या कुठल्याशा स्कॅनरने माझ्या लायब्ररीत 'गंभीर' काहीतरी शोधलं होतं, आणि खाली, '९० दिवसांचं घड्याळ आजपासून सुरू', म्हणजे तेवढ्यात दुरुस्त करा, नाहीतर आम्ही जाहीर करू. बाळ तेरा दिवसांचं. मी रात्री दोनला एका हाताने टाइप करून त्यांना विचारलं की हे नेमकं कुठे घडतं ते दाखवा. दाखवता आलं नाही. घड्याळ मात्र चालूच.

मोठ्यांचंही तेच. लिबएक्सएमएल२ ही एक्सएमएल फाइली वाचणारी लायब्ररी ब्राउझरपासून मोबाइलपर्यंत सगळीकडे आहे. तिच्या तेव्हाच्या मेंटेनरने (ती सांभाळणाऱ्याने) जून २०२५ मध्ये सरळ जाहीर केलं, की ठरलेल्या तारखेपर्यंत तोंड बंद ठेवायचा हा एम्बार्गोचा खेळ मी यापुढे खेळणार नाही. सुरक्षेचा बगही बाकीच्या बगसारखा, आला की सगळ्यांसमोर, वेळ मिळेल तेव्हा दुरुस्त. फुकट काम करणाऱ्या एका माणसाने अब्जावधींच्या कंपन्यांसाठी गुपितं सांभाळत बसायचं, हे त्याला जमेना. लॉगवाचक, तुम्हाला हवी ती पारदर्शकता आली बघा. कशातून आली ते मात्र विसरू नका.

कडक चहा

एका हाताने टाइप केलेल्या ईमेलला +१.

शून्यासमोर एक

विटेकरांना एक सूचना, थोडी अवांतर. पत्त्यातला आकडा चुकून बदलला इथपर्यंत ठीक. मग 'तसतशी मागची लग्नं दिसत गेली' असं लिहिलंत, ते जरा जपून. आयटी कायद्याच्या कलम ४३ मध्ये परवानगीशिवाय माहितीपर्यंत पोचणं हेच बसतं. तुमची स्वतःची साइट आहे म्हणून सुटलात. दुसऱ्याच्या साइटवर हेच करून प्रामाणिकपणे कळवायला गेलात आणि समोरचा बिथरला, तर समजावत बसावं लागेल. सद्भावनेने भोक शोधणाऱ्याला आपल्या कायद्यात स्वतंत्र ढाल नाही.

प्लगिनचा लेखक उत्तर देत नसेल तर मधला रस्ता सर्ट-इन या सरकारी सायबर-सुरक्षा संस्थेचा. ते अशा तक्रारी घेतात आणि समोरच्याशी बोलतात. सहा तासांत कळवायचा जो २०२२ चा आदेश गाजला, तो प्रत्यक्ष घटना घडल्यावरचा, हल्ला झाला, साइट फुटली वगैरे. नुसतं भोक सापडणं ही वेगळी गोष्ट. लोक गल्लत करतात.

मूळ वादाबद्दल, ड्रुपलच्याच २०१८ च्या प्रकरणाकडे कोणी बघितलेलं दिसत नाही. २१ मार्चला त्यांनी फक्त एवढं सांगितलं, की २८ तारखेला मोठी दुरुस्ती येतेय, त्या वेळी माणूस हजर ठेवा. कुठे, काय, एक अक्षर नाही. आपल्याकडे रात्री साडेअकरा ते एकची वेळ होती. लोक कॉफी पिऊन बसले आणि पॅच लावून झोपले. सगळ्यांना वापरता येईल असा हल्ल्याचा नमुना बाहेर यायला १२ एप्रिल उजाडला.

लॉगवाचक

बरोब्बर! मला तपशील नकोतच. '१२३एबीसी' लिहा असं मी कुठे म्हटलं? वर्डप्रेसने त्या यादीत चौथी ओळ घालायची होती, 'आणखी एक गंभीर दुरुस्ती यात आहे, तपशील १ फेब्रुवारीला'. बास. मग चार दिवसांची सुट्टी सोडून मी लॅपटॉप उघडला असता.

पॅचवर्क

आणि तुमच्यासोबत आणखी हजारभर लोकांनी उघडला असता, पॅच लावायला नव्हे. 'गंभीर' हा शब्द वाचून त्याच रात्री दोन आवृत्त्यांतला फरक काढून बसले असते. तीन कंटाळवाण्या ओळींमुळेच तिकडे कोणाचं लक्ष गेलं नाही.

ड्रुपलचं गणित वेगळं. घोषणा झाली तेव्हा पॅच बाहेर नव्हता, त्यामुळे बघायला फरकच नव्हता. ड्रुपल चालवणाऱ्यांत पगारी अ‍ॅडमिन पुष्कळ, रात्री साडेअकराला माणूस बसवता येतो. वर्डप्रेसवर विटेकर आहेत. त्यांना ऑटो-अपडेट वाचवतं, घोषणा नाही. आणि ऑटो-अपडेटला सगळीकडे पोचायला शांतता लागते.

लॉगवाचक

चोर तसेही फरक काढतातच, हे मी वर लिहिलंय.

पॅचवर्क

काढतात म्हणता, मग त्या आठवड्यात एकानेही का काढला नाही? फायरवॉलवाल्यांचे नियम लागलेले होते, कोणी प्रयत्न केला असता तर दिसला असता. १ फेब्रुवारीपर्यंत शून्य.

लॉगवाचक

हं. या शून्याचं उत्तर आत्ता माझ्याकडे नाही. फायरवॉलमागे नसलेल्या साइटवर काय चाललं होतं ते त्यांनाही दिसत नव्हतं, एवढं म्हणू शकतो. पण मग ती १५ लाख पानं एकदम फेब्रुवारीतच का, हा प्रश्न तुम्ही विचारालच, आणि तो मला अडचणीचा आहे.

तरी चिठ्ठीचं म्हणणं मी सोडत नाही. पुढच्या वेळी त्यांची तीन ओळींची यादी आली की मी चौथी शोधणार. ही सवय मला त्यांनीच लावली.

कडक चहा

म्हणजे तुम्ही पॅच लवकर लावायला लागलात. झालं की काम.

मुक्काम पोस्ट विटा

पुतण्याला हा धागा वाचायला लावला. तो म्हणतो ऑटो-अपडेट वर्डप्रेसचं चालू आहे, प्लगिनचं त्यानेच बंद केलं होतं, कारण एका अपडेटने फोटोंची गॅलरी उलटी झाली होती. आता चालू केलंय. बुकिंगचा फॉर्म तूर्त काढून टाकला, फोन आला की वहीत लिहून घेतो.

कोणाला तिथी-मुहूर्त दाखवणारा चांगला फॉर्म माहीत असेल तर सांगा. तुळशीच्या लग्नाच्या आत हवाय.