मदत हवी आहे: शिअर स्ट्रेस मर्यादेच्या खाली, तरी वाळू हलते

नमस्कार मंडळी,

सोलापुरात सिव्हिलच्या शेवटच्या वर्षाला आहे. उजनीतून भीमेत पाणी सोडतात, ते औज बंधाऱ्यापर्यंत येताना तळातली वाळू नेमकी कधी हलवू लागतं, या प्रश्नावर प्रोजेक्ट घेतलाय. लॅबच्या फ्लूममध्ये (पाणी वाहतं ठेवायची लांब कृत्रिम नाली) सीना नदीची चाळलेली वाळू पसरली आहे, मधला आकार ०.५ मिमी.

पाण्याची खोली ६ सेंमी, उतार २५०० ला १. म्हणजे तळावरचा सरासरी शिअर स्ट्रेस (वाहतं पाणी तळाला ज्या जोराने ओढतं तो, दर क्षेत्रफळामागे) साधारण ०.२४ पास्कल. शील्ड्सच्या आलेखावरून (किती शिअर स्ट्रेसला कण हलू लागतात ते दाखवणारा) या वाळूची मर्यादा ०.२७ च्या आसपास निघते. म्हणजे वाळू गप्प बसायला हवी, पण बसत नाही. मध्येच एका जागचे कण एकदम उठतात, थोडं सरकून थांबतात, मग दुसरीकडे तेच. पोटॅशियम परमँगनेटचा रंग सोडला तर त्याच वेळी वरचं पाणी खाली झेपावताना दिसतं. गाईड म्हणतात, सरासरीच धर. मन मानत नाही. मर्यादा ठरवायची कशी? वेग मोजायचं महागडं यंत्र आमच्याकडे नाही.

प्रतिसाद १
तुम्ही पाहिलंत ते बरोबर आहे. वरचं वेगवान पाणी तळावर आदळतं त्याला 'स्वीप' म्हणतात. रेटा वेगाच्या वर्गाप्रमाणे वाढतो: क्षणभर वेग दीडपट झाला तर रेटा सव्वादोन पट. शील्ड्सचं काम १९३६ चं आणि सरासरीवर उभं, हे झोके त्यात वेगळे दिसत नाहीत. पण नुसता जोर पुरत नाही, तो टिकावाही लागतो. डिप्लास आणि सहकाऱ्यांनी २००८ मध्ये 'सायन्स'मध्ये दाखवलं की जोर गुणिले वेळ, म्हणजे आवेग, निर्णायक असतो.

यंत्र नसलं तरी अडत नाही. वरून मोबाईलने व्हिडिओ घ्या, ठरलेल्या चौकटीतून मिनिटाला किती कण सुटतात ते मोजा, आणि मर्यादा त्या संख्येवर ठरवा. खोली बदलत आलेख काढा. आधी एक खात्री करा: पाणी आत येतं तिथे जाळी आहे का? नसेल तर पंपाचीच खळबळ मोजाल.

धागाकर्ता
जाळी नाही, उद्याच बसवतो. कण मधल्या भागातही सुटतात, पण तोंडाशी जास्त. चौकट किती मोठी घेऊ?

प्रतिसाद १
पाण्याच्या खोलीच्या दुप्पट तरी. नाहीतर एकच झोका सगळी चौकट व्यापेल.