कॉलेजसाठी छोटा, हलका लॅपटॉप हवाय, बजेट ५० हजार

कात्रजची_मुलगी:
नमस्कार मंडळी, यंदा एफईला (इंजिनिअरिंगचं पहिलं वर्ष) अ‍ॅडमिशन झालीये, कॉम्प्युटर ब्रँच. घर कात्रजला आणि कॉलेज शिवाजीनगरला, म्हणजे रोज पीएमटी. सकाळच्या बसला उभं राहायला मिळालं तरी खूप, त्यात सॅकमधे डबा, बाटली, जर्नल्स आणि आता लॅपटॉप. म्हणून छोटा आणि हलकाच पाहिजे. एका दुकानात ११ इंची दाखवला, २० हजारांच्या आत, ४ जीबी रॅम आणि ६४ जीबी स्टोरेज, उचलला तर वहीएवढं वजन. मला फार आवडलाय पण चार वर्षं काढायचीयेत त्याच्यावर. मैत्रीण म्हणते गेमिंगवालाच घे. मी गेम खेळत नाही. काय करू?

टीई_कॉम्प:
तो ११ इंची घेऊ नकोस प्लीज. विंडोज ११ लाच कमीत कमी ४ जीबी रॅम आणि ६४ जीबी स्टोरेज लागतं, म्हणजे तुझा लॅपटॉप पहिल्याच दिवशी काठावर. वर व्हीएस कोड (कोड लिहायचं सॉफ्टवेअर), जावा, ब्राउझरचे टॅब टाकलेस की एकेका क्लिकला थांबत बसशील, आणि असल्या मशीनमधे स्टोरेज ईएमएमसी प्रकारचं असतं, एसएसडीपेक्षा हळू, बोर्डलाच चिकटवलेलं, रॅमचंही बहुतेक तसंच, त्यामुळे नंतर वाढवताही येत नाही.
पुढे डॉकर, व्हर्च्युअल मशीन (लॅपटॉपच्या आतच दुसरा कॉम्प्युटर चालवणं) हे सगळं येतं, तेव्हा १६ जीबी रॅम आणि ५१२ जीबी एसएसडी एवढं धरूनच चाल. गेमिंगवाला तुला लागत नाही, लॅपटॉप दोन किलोच्या वर आणि अ‍ॅडॉप्टरच पाऊण किलोपर्यंत जातो, कात्रजच्या बसमधे खांदा जाईल.

टिळक_रोड_रिपेअर:
ताई, इंच सोडा, वजन बघा, तेही चार्जरसकट. आता १४ इंची दीड किलोच्या आत मिळतात आणि कीबोर्ड पूर्ण साइजचा असतो, रोज कोड टाइप करायचाय तर हे महत्त्वाचं. टाइप-सीवर चार्ज होणारा घ्या, ६५ वॅटचा एक छोटा चार्जर घेतला की फोनचंही काम होतं.
आमच्याकडे सगळ्यात जास्त येतात ते बिजागरी तुटलेले. म्हणून दुकानात एक करा, झाकण एका हाताने कोपऱ्याला धरून दोन-तीनदा उघडा. कडेचं प्लास्टिक वाकत असेल, करकर आवाज येत असेल तर तो बाजूला ठेवा, मग ऑफर कितीही चांगली असू दे.

वारजेकर_काका:
माझा मुलगा आत्ताच पास आउट झाला, त्याचे सगळे प्रोजेक्ट रिफर्बिश्ड, म्हणजे दुरुस्त करून विकलेल्या जुन्या, लेनोवो थिंकपॅडवर झाले, म्हणून सांगतो. बेटा, खरंच छोटा हवा असेल तर त्यातलाच एक्स २८० बघ, साडेबारा इंची, सव्वा किलोच्या आत. पण त्याची रॅम बोर्डला सोल्डर असते, वाढवता येत नाही, म्हणून घेतानाच १६ जीबीवाला शोधायचा. एक्स २७० स्वस्त मिळतो पण तो जास्तीत जास्त सातव्या जनरेशनच्या इंटेल प्रोसेसरचा, त्याला विंडोज ११ चा अधिकृत सपोर्ट नाही, आणि विंडोज १० चा सपोर्ट ऑक्टोबर २०२५ मधे संपला. इंटेल असेल तर आठव्या जनरेशनच्या खाली जाऊच नकोस.
जुना घेताना बॅटरी रिपोर्ट काढायला लाव, विंडोजमधेच निघतो. त्यात डिझाइन कपॅसिटी आणि फुल चार्ज कपॅसिटी शेजारी शेजारी दिसतात. ५० च्या जागी ३० दिसले तर नवीन बॅटरीचे पैसे भावातून कमी करून घे.

कात्रजची_मुलगी:
खूप थँक्यू सगळ्यांना! ११ इंची कॅन्सल. काका, जुना म्हटलं की आई तयार होत नाहीये, चार वर्षांचा प्रश्न आहे म्हणते. आणि मॅकबुक एअर एम१ सेकंडहँड कसा? वर्गात बऱ्याच जणांकडे आहे.

टीई_कॉम्प:
एम१ एअर १.२९ किलो, पंखाच नाही त्यामुळे आवाज शून्य, बॅटरी दिवसभर जाते आणि कॉम्पचं कोडिंग आरामात होतं. मेकॅनिकलला असतीस तर नको म्हटलं असतं, सॉलिडवर्क्स मॅकवर नाहीये. पण ८ जीबीवालाच जास्त दिसतो बाजारात आणि त्याची रॅम कधीच वाढत नाही. आईचंही बरोबर आहे, वॉरंटी पाहिजे. नवीन १४ इंचीच घे, रायझन ५ किंवा आय५ प्रोसेसर, १६ जीबी. बजेटमधे ८ जीबीवालाच बसत असेल तर रिकामा रॅम स्लॉट आहे का ते विचार, नंतर ८ टाकता येईल.

टिळक_रोड_रिपेअर:
आणि बिलावर सीरियल नंबर लिहून घ्या, दुकानातून निघायच्या आधी मशीनच्या खालच्या नंबरशी जुळवून बघा. वॉरंटीला तेच लागतं.