खो-खो संघातली एकी : सहलीच्या आधी सराव बघा

शाळेच्या खो-खो संघात गट पडलेत, म्हणून मुलींना त्र्यंबकला सहलीला न्यावं असं कुणी सुचवतं. जरूर न्या, पण एकी येते ती रोजच्या सरावातून.

मैदानाच्या मधल्या पाटीवर आठ जणी बसलेल्या, नववी समोरच्या संघातल्या मुलीच्या मागे पळतेय. खो मिळायच्या आत बसलेली उठली की फाऊल, आणि बोलणीही तिलाच बसतात. पण कित्येकदा खो देणारीचा हात लागायच्या आधीच आवाज निघालेला असतो. तिथेच खेळ थांबवा, दोघींना विचारा: आधी काय, स्पर्श की आवाज? मग तोच खो पाच वेळा करून घ्या. नुसतं रागावलात तर बसलेली पुढच्या वेळी दचकून उशिरा उठते, आणि समोरच्या संघातली मुलगी तेवढ्यात निसटते.

फक्की मारणं (मैदानावर पांढऱ्या रेषा आखणं), पाणी भरणं ही कामं दर आठवड्याला फिरती ठेवा, कर्णधारालाही पाळी लावा. ती कायम धाकट्यांच्या गळ्यात पडतात, गट तिथूनच पडायला लागतात. सराव ठरल्या वेळी संपवा. सुरगाणा-पेठकडून येऊन वसतिगृहात राहणाऱ्या मुलींचं जेवण उशिरामुळे हुकलं तर त्या मनाने संघात राहत नाहीत.

राखीव मुलींना नुसतं बसवू नका, हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. समोरची कोणती खेळाडू खांबाजवळ कुठल्या बाजूला वळते, हे त्यांनी टिपायचं आणि डाव बदलताना स्वतः संघाला सांगायचं. तेव्हा कोचने मध्ये बोलू नये.