मदत हवी आहे: बाबांची किडनी स्टेज ३बी, बीफ किती आणि कसं द्यावं?

नमस्कार. बाबांचं वय ६७, वजन ६० किलो. बीपी आहे, मधुमेह नाही. गेल्या दोन्ही रिपोर्टांत ईजीएफआर (किडनी रक्त किती गाळते त्याचा आकडा) ३८ च्या आसपास आलाय. पोटॅशियम ४.९, फॉस्फरस अजून मर्यादेत, डायलिसिस नाही. डॉक्टरांनी प्रथिनं किलोमागे ०.८ ग्रॅम सांगितली आहेत, म्हणजे दिवसाला ४८ ग्रॅम.

बाबांचं सगळ्यात आवडतं म्हणजे बीफ. किडनीचं कळल्यापासून त्यांनी ते आपणहून सोडलं आणि बाकीचं जेवणही निम्म्यावर आलं. दोन महिन्यांत साडेतीन किलो उतरले. शर्टाची कॉलर गळ्याभोवती सैल दिसते तेव्हा पोटात कालवतं. म्हणून मला बीफ बंद नाही करायचं, हिशेबात बसवायचंय.

शिजलेल्या, चरबी काढलेल्या १०० ग्रॅम बीफमध्ये साधारण २६ ग्रॅम प्रथिनं असतात. निम्म्याहून जास्त कोटा एकाच जेवणात गेला! ६० ग्रॅम दिलं तर १५-१६ ग्रॅम होतात, त्या दिवशी अंडं आणि दूध कमी करता येईल. पण हे वजन कच्च्याचं धरायचं की शिजल्यावरचं? आणि उकडलेलं पाणी टाकून द्यावं का? बाबा मांस बाजूला ठेवतील, पण ते पाणी आधी पितात.

प्रतिसाद: माझी आई बरीच वर्षं याच टप्प्यावर आहे. तुमचा २६ चा आकडा शिजलेल्याचा आहे. शिजताना मांस साधारण पाव हिश्श्याने घटतं, तेव्हा कच्चं ८० ग्रॅम घ्या. लहान तुकडे करून भरपूर पाण्यात उकडा आणि पाणी ओतून द्या. पोटॅशियम आणि फॉस्फरसचा बराच भाग त्यात उतरतो, प्रथिनं बहुतेक मांसातच राहतात. म्हणजे बाबा नेमकं नको तेच पितायत.

पाकिटातलं, खारवलेलं किंवा सॉसेजसारखं बीफ घरात आणूच नका. लेबलवर ‘फॉस्फेट’ दिसलं की दुकानातच परत ठेवा. मांसातला नैसर्गिक फॉस्फरस शरीर साधारण निम्मा शोषतं, वरून घातलेला जवळजवळ सगळा. कमी सोडियमचं म्हणून मिळणारं मीठही नको, त्यात पोटॅशियम क्लोराइड असतं.

तपासणीसाठी रक्त द्यायच्या आधी १२ तास मांस देऊ नका. शिजलेल्या मांसामुळे क्रिएटिनिन (रक्तातला टाकाऊ पदार्थ, ज्यावरून ईजीएफआर काढतात) तात्पुरतं वाढतं आणि ईजीएफआर उगाच कमी दिसतो. आम्ही एकदा असेच घाबरलो होतो.

आणि साडेतीन किलोंचं डॉक्टरांना सांगितलंय ना? मला बीफपेक्षा त्याची जास्त काळजी वाटते. किडनीचे आहारतज्ज्ञ गाठा, ४८ ग्रॅमचा आकडाही ते परत तपासतील.

धागाकर्ती: नाही सांगितलं. वजन उतरणं चांगलंच, असं बाबा म्हणत होते आणि मी गप्प बसले. उद्या सकाळी फोन करते. मागच्या तपासणीच्या आदल्या रात्री काय जेवले होते, तेही आईला विचारते.